कलम

दर बुधवारी अकरा ते एक
हॅलिफॅक्सच्या बाजारात, घड्याळाखाली उभी असते मी.
गुडघे कुरकुरतात, म्हणून घडीचं स्टूल नेते;
पण बसले की लोकांना वाटतं म्हातारी दमून टेकलीय,
म्हणून उभीच.

हातात पुठ्ठा. पुढून: लखदर बूझिदीवर आरोप काय?
मागून चर्चमधल्या जुन्या कपड्यांच्या विक्रीची जाहिरात.
पुठ्ठा चांगला होता, टाकवला नाही.
मागून येणारे विचारतात, लहान मुलांचे कोट आहेत का?
मी पुठ्ठा फिरवते.
काही थांबतात. बहुतेकांना बस गाठायची असते.

शेजारी राहायचा तो, भिंतीला भिंत.
ब्लिदाला बापाची संत्र्याची बाग होती म्हणे.
माझ्या परसात विल्फ्रेडनं लावलेलं सफरचंद,
इतकं आंबट की पोरंही चोरत नसत.
एका मार्चात हा चाकू घेऊन आला,
फांदी छाटली, चीर दिली, डहाळी खोचली, पट्टी बांधली.
म्हणाला, घाई करू नका,
एक जखम दुसरीला नीट भिडली की झालं.

डिसेंबरात पहाटे चारला त्याचं दार फोडलं.
त्या दाराला कडी लागत नाही
हे सबंध गल्लीला ठाऊक होतं.
संगणक नेला, चाकू, पट्टीची गुंडाळी, आणि एक वही.
वहीत नावं: जेम्स ग्रीव्ह, चार्ल्स रॉस, आर्थर टर्नर.
हे तिघं कोण? मला विचारलं, चहाला नको म्हणून.
म्हटलं, सफरचंदं.
सप्टेंबरात या, जेम्सशी ओळख करून देते.
साहेबानं तेही लिहून घेतलं.

आता तिसरा हिवाळा.
खटला नाही, आरोपपत्र नाही, पुढची तारीखसुद्धा नाही.
पुरावा आहे म्हणतात, पण दाखवला तर देशाला धोका.
लखदरसाठी सरकारनं खास वकील नेमलाय;
त्यानं पुरावा वाचला,
आणि वाचला म्हणून
आता त्याला लखदरशी बोलायची बंदी.
हे मला तीनदा समजावून सांगावं लागलं.
सांगणारी मुलगी तिसऱ्या वेळी हसायला लागली,
मग तिला थांबता येईना.

झुलिखा म्हणते,
चोराच्या बायकोला दिवस मोजता येतात.
मी कशातून काय वजा करू?

त्यानं माझ्या झाडाला कलम लावलं.
त्याला त्यांनी एकही कलम लावलेलं नाही,
आणि तो आत आहे.

एक गोष्ट पुठ्ठ्यावर लिहीत नाही:
तो निर्दोष आहे की नाही, मला माहीत नाही.
भिंतीपलीकडचं कळून कळून किती कळणार?
खोकला, नळ, धाकटीचं रडणं.
एखाद्या रात्री वाटतं, असेलही काही.
असेल तर सांगा ना! मोठ्यानं सांगा,
त्याच्या तोंडावर सांगा.
बारा माणसं बाकावर बसवा, हवं तर त्यांत मला घ्या.
अठ्ठ्याहत्तर साली बसले होते मी,
मेंढ्या चोरल्याचा खटला.
नऊ दिवस ऐकलं आम्ही.
मेंढ्यांसाठी, नऊ दिवस.

गेल्या बुधवारी एक कोवळा पोलीस आला.
पुठ्ठा वाचला. मग, काय आहे आरोप?
म्हटलं, बाळा, तेच कळेल म्हणून उभी आहे.
पिशवीतलं सफरचंद दिलं. त्यानं घेतलं, खाल्लं नाही,
हातातल्या हातात फिरवत राहिला.
वर पाहिलं. एकला दहा कमी.
ती दहा मिनिटं तो तिथेच थांबला,
माझ्या सोबतीला की माझ्या पाळतीवर,
कोण जाणे.
मी त्याला संशयाचा फायदा दिला.