दुसरा शनिवार

दर दुसऱ्या शनिवारी, साडेपाचला,
गड्डीगोदामच्या वाचनालयातल्या मागच्या खोलीत
मी जुन्या नागपुरावर बोलतो.
खुर्च्या तीस, माणसं अकरा.
त्यातले दोघं कूलरसाठी येतात
आणि झोडापे गुरुजी माझ्या सनावळ्या दुरुस्त करायला.

मे महिन्यात विषय होता कामठीची छावणी.
नाग नदीपासून सुरुवात केली, नेहमीसारखी;
कन्हानपर्यंत पोचलो तेव्हा दिसली
शेवटच्या रांगेत वही उघडून बसलेली बाई,
उन्हानं सोललेलं नाक,
चपला नव्या, बर्डीवरच्या.

उना हॅनराहन. आयर्लंड, रॉसकॉमन.
तिथेही म्हणे असंच असतं :
चर्चमागचा हॉल, चहा, मोजकी माणसं,
आणि मध्येच कोणीतरी उठून विचारतो,
ते वरचं शेत आधी कोणाचं होतं हो?

तिच्या पणज्याचा भाऊ, मॅटी.
ज्यांनी घराचं छप्पर उतरवलं
त्यांच्याच फौजेत भरती झाला.
पोटासाठी, ती म्हणाली.
म्हणजे इंग्रजीतच म्हणाली,
मला मराठीत ऐकू आलं.

रविवारी कामठी.
दफनभूमीची किल्ली फिलिप रंगारींकडे,
ते बनियनवरच आले, कुलपात तेल सोडत :
'काहून बाप्पा, एका मेलेल्यासाठी इतक्या लांबून?'
मी हे तिला सांगितलं नाही.
थडगं सापडलं नाही. बाभळी सापडल्या,
एक अर्धी फरशी, तिच्यावर फक्त 'च्या स्मरणार्थ'.

मग वही.
शाई चहाच्या रंगाची, अक्षर घाईत असलेल्या माणसाचं.
हॅनराहन, एम. शिपाई. वय बावीस. पटकी.
तिनं नावाखाली बोट ठेवलं
आणि बराच वेळ उचललं नाही.

मी तोवर शेजारचा रकाना वाचत होतो.
पस्तीस वर्षं अजनीला रेल्वेचं रेकॉर्ड सांभाळलं,
नजर आपोआप खर्चाकडे जाते.
खड्डा खणणे : सुक्या. दोन आणे.
इंग्रजी स्पेलिंगमध्ये वाकडा झालेला सुक्या,
आडनाव नाही, बापाचं नाव नाही.
मॅटीला पलटण, नंबर, वय, आजार.
सुक्याला दोन आणे.

माझ्या आज्याचं नाव भिवा.
त्याच्या बापाचं कोणी सांगितलं नाही.
वडील एवढंच म्हणत, 'कामठीले मातीकामावर होते.'
वंशावळ म्हणणारा भाट पाटलाच्या दारी यायचा,
आमच्या वस्तीकडे वळायचा नाही.
अख्ख्या नागपुराच्या पिढ्या मोजत बसलो मी,
घरच्या तिसऱ्या पायरीवर अंधार.

सुक्या काय, गल्लोगल्ली असतील.
हे मी स्वतःला दोनदा सांगितलं.
तिनं विचारलं, ओळखीचं आहे का कोणी?
नाही म्हणालो.
परतताना संत्राबर्फी घेऊन दिली तिला,
कंडक्टरशी सुट्ट्या पैशावरून उगाच भांडलो.

जुलैच्या शेवटी पाकीट आलं.
तिनं हॉलमध्ये भाषण केलं, मॅटीवर.
चौदा माणसं होती, लिहिते,
त्यातले दोघं हीटरसाठी.
मॅटीच्या मागोमाग सुक्याचंही नाव वाचलं,
उच्चार चुकला असेल, माफ करा,
पण त्याला मातीत ठेवणारं शेवटचं माणूस तेच.
आणि पुढे :
मागच्या रांगेतला एक म्हातारा उठला, मेंढपाळ,
ऐकू कमी येतं त्याला, मोठ्यानं बोलतो.
म्हणाला, तो खणणारा कुठल्या गावचा?
त्याचं कोणी आहे का मागे?
मला सांगता आलं नाही. तुम्हाला येईल?

आज दुसरा शनिवार.
फळ्यावर तारीख लिहिली आहे, वेळ लिहिली आहे.
'विषय' लिहून पुढे दोन टिंबं दिली आहेत.
झोडापे गुरुजी आले, छत्री झटकून कोपऱ्यात ठेवली,
चष्मा पुसून फळ्याकडे बघताहेत.
खडू ओला झालाय माझ्या हातात.