परतीची घंटा

पाचशे बारा बाइट. एवढीच जागा.
शेवटच्या दोन घरांत खुणेचे आकडे लिहायचे,
नाहीतर यंत्र वळूनही बघत नाही.

पहिल्या रात्री मी एकच अक्षर मागितलं,
काळ्या पडद्यावर, वर, डाव्या कोपऱ्यात.
आलं.
चहा गार होऊ दिला. बघत बसले.

गुराम खालच्या मजल्यावरून लोणच्याची बरणी घेऊन आला.
"हे पुढे काय करणार?"
"सुरू होईल."
"आणि मग?"
"मग वाट बघेल."
तो हसला. चाळीस वर्षं मँगनीज उपसलेला माणूस,
वाट बघणं त्याच्या लेखी काम नव्हे.

मी मात्र एकोणतीस वर्षं तेच केलं,
चिआतुराच्या वरच्या ठाण्यात, तारेवरच्या डब्यांपाशी,
हातात लोखंडी दांडा, पायाखाली दरी,
खालून घंटा येईपर्यंत.

आधी स्टॅक भलत्याच जागी ठेवला.
तो वरून खाली वाढतो, हे वाचलं होतं, मुरलं नव्हतं;
वाढता वाढता माझाच कोड खाऊन बसला.
मग तो तक्ता. त्याची पहिली ओळ रिकामी सोडायची असते.
मी काटकसरी बाई, तिथेच संसार मांडला.
यंत्र उठे, पडे, उठे, पडे,
काय चुकलं ते सांगायचं नाव नाही,
पाटी पुसून पुन्हा पहिल्यापासून.
सासूबाईंचा अबोला परवडला,
त्याला निदान कारण तरी असायचं.

मग कीबोर्ड.
की दाबली की एक आकडा येतो, सोडली की दुसरा.
हे वाचून थबकले.
सोडण्याचीही नोंद होते म्हणजे.
(संगणक लेलाचा. बारीला कामाला गेली
तेव्हा चार्जरसकट पलंगावर ठेवून गेली.)

मी की दाबली. अक्षर उमटलं.
दुसरी दाबली. शुकशुकाट.
अकरा रात्री हेच. पहिलीच हाक ऐकू यायची,
नंतर जणू कोणी कान बंद करून घेतले.

बाराव्या रात्री ताटं विसळताना व्हाझा आठवला,
खालच्या ठाण्यातला.
त्याची घंटा आली की मी एक टोला परत द्यायचे.
नाही दिला तर तो पुढचा डबा सोडायचा नाही,
दिवस मावळला तरी.
एकदा रागाच्या भरात मी दिला नव्हता.
शाळेची पोरं थंडीत ताटकळली.

ऐकलं, हे कळवावं लागतं!

एक ओळ. ओल्या हातांनीच लिहिली.
वीस नंबरच्या दारावर वीस हा आकडा टाकायचा. बस्स.
आणि अक्षरं आली, एकामागून एक,
चुकीची, उलटसुलट, पण आली.

त्यांत आमची लिपी नाही.
आठ घरं आडवी, सोळा उभी,
चौकटीच्या वहीत "आनी" काढतेय सध्या.
त्याची शेपटी बाहेर जाते. खोडून खोडून कागद फाटला.

बाकी वेळ यंत्र निजलेलं असतं.
तशी आज्ञाच आहे: थांब, कोणी उठवेपर्यंत.
पंखासुद्धा फिरत नाही. मला ते फार आवडतं.

काल गुरामला खुर्चीत बसवलं.
त्याने जाड बोटाने एक की दाबली
आणि दाबूनच धरली,
ओळ भरली, दुसरी भरली, पडदा भरत चालला,
तो श्वास रोखून बघतोय.
"सोड आता," मी म्हटलं.