भागिले आठ

कंपनीच्या कागदावर छत्तीस लिहिलंय.
चष्मा पुसून पुन्हा वाचलं. छत्तीसच.
पुढे बारीक अक्षरात एक शब्द: पर्यंत.
त्या 'पर्यंत'मध्ये आमची अख्खी खाडी मावते,
पलीकडची टेकडी मावते,
आणि वर मेंढ्यांना चरायला जागा उरते.

मी विणकर. चाळीस वर्षं मागावर पाय मारले.
इंचात किती धागे बसलेत ते बोट फिरवून सांगतो.
कुणी 'भरपूर' म्हणालं की पट्टी काढतो.
म्हणून वही केली.

सकाळी सहा: एकोणीस.
दुपारी एक: चौदा.
चार वाजता शाळेची बस येते: सात.
रात्री आठ: दोन,
आणि पडद्यावरचा काटा असा अडखळत होता
जणू खोटं बोलायची त्याला सवय नाही.
रविवारी मोजलं नाही.
रविवारी लुईस बेटावर मागसुद्धा गप्प असतो.
पेगी-ॲना म्हणाली, सगळं गाव चर्चमध्ये आहे,
आत्ता भरून वाहत असणार.
असेल. देवाला ठाऊक.

नातीला आकडे वाचून दाखवले. एली हॅलिफॅक्सला असते,
समुद्राच्या त्या अंगाला.
म्हणाली, आजोबा, हे बिट आहेत,
फोटोंचं वजन असतं बाइटमध्ये. आठाने भागा.
भागलं. छत्तीसचे साडेचार झाले.
म्हणजे सांगायचं वितीत आणि द्यायचं बोटांनी!
असं कापड विकलं असतं
तर गिरणीने मला दारात उभं केलं नसतं.

आणि पिंग म्हणजे हाकेला ओ मिळायला लागलेला वेळ.
एकोणचाळीस मिलिसेकंद.
मी स्वयंपाकघरातून हाक मारतो
तेव्हा पेगी-ॲनाला याहून बराच जास्त लागतो,
कधीकधी दुपार जाते.

स्टोर्नोवेहून कंपनीचा पोरगा फोनवर म्हणाला,
भिंतींतून मोजू नका काका, तार लावून मोजा.
खोका मागाच्या शेडमध्ये, तिथेच लाइन येते.
लॅपटॉप ट्वीडच्या तुकड्यात गुंडाळून
अंगण ओलांडलं, वाऱ्यात तिरका चालत.
तार खोचली.
चौतीस.
आडात होतं हो. पोहराच गळका.
घराला तीन फूट जाडीचा दगड,
आजोबांनी रचलेला, वारा आत येऊ नये म्हणून.
त्यांना काय ठाऊक,
की पुढे वाऱ्यासारखंच काहीतरी
आत यायला हवं असेल.

तेव्हाच तो दुसरा आकडा दिसला.
वर जाणारा बाण. त्याला मी रकानाच दिला नव्हता.
वर्षभर येणारं मोजलं, जाणारं नाही.
शेडमधून सहा.
स्वयंपाकघरात परत येऊन पाहिलं: शून्य पूर्णांक तीन.
म्हणजे एली आम्हाला दिसायची, हलती, हसती,
मागच्या खिडकीत बर्फासकट,
आणि आम्ही तिला?
विचारलं. जरा थांबून म्हणाली,
आजी बहुतेक वेळा थिजलेली असते.
तोंड उघडं. पण आवाज येतो ना, तुटक तुटक.
मग तिने विषय बदलला.

शनिवारी मागाच्या बाकावर उशी टाकली.
पेगी-ॲनाने केस विंचरले, वरचं बटण लावलं.
तार खोचली. मी मागे उभा राहिलो,
धोटा बाजूला सारून.
हॅलो म्हणाली. आणि एली ओरडलीच,
आजी, तू हलतेयस!
पेगी-ॲना हसली, हात हलवला.
एली गप्प झाली.
आजी, तुझा हात का थरथरतोय?

मी धोट्याकडे पाहिलं.
पेगी-ॲनाने दुसरा हात त्या हातावर ठेवला,
बोट जरा उशिरा सापडलं.
म्हणाली, थंडी आहे गं शेडमध्ये.

थंडी नव्हती. हीटर मीच लावला होता.

वहीत त्या दिवसाची नोंद:
शनिवार, तारेवरून, वर जाणारं, सहा.
शेरा लिहायला घेतला
आणि पेन्सिलीला टोक करत बसलो.