अर्थ लागत नाही

दुपारचे अडीच. होटगी रोडचं डांबर चपलेला धरतंय.
चव्वेचाळीस म्हणतात, पत्र्याखाली कोण मोजतंय.
इरण्णा म्हेत्रेंची पांढरी ऑटोमॅटिक टो होऊन आली
तुळजापूरच्या घाटातून,
तिसऱ्या गिअरात अडकलेली, गिअरचं तेल उकळलेलं.

म्हेत्रे बाटली तोंडाला न लावता पाणी पितात, मग सांगतात:
लातूरवाल्यानं पंखा बदलला. रिले बदलला.
शोरूमचे म्हणाले, गिअरबॉक्सच उतरवा,
एक लाख दहा.
मी म्हटलं, बसा आधी.

पंखा तेलाच्या कूलरचा, जाळीमागे, ताटाएवढा.
बॅटरीवरून दोन्ही तारा थेट दिल्या की घुमतो.
फ्यूज शाबूत. रिले टक् म्हणतो.
सॉकेटला मीटर लावला, बारा पॉइंट चार.
सगळे साक्षीदार खरं बोलतायत
आणि पंखा ढिम्म.

राजी सहा महिने झाले माझ्याकडे शिकते.
म्हणाली, काका, करंट तर येतोय की.
येतोय, पण मीटर काही मागतच नाही त्याच्याकडे.
हेडलाइटचा जुना बल्ब लाव, काम सांग त्याला.
तिनं लावला. तार जेमतेम लाल झाली,
विझत्या उदबत्तीसारखी.
मीटर उतरला, तीन पॉइंट एक.

माझे वडील पूर्व भागात चादरीचा माग चालवायचे.
ताण्यातला धागा तुटला की पत्ती पडायची,
माग जागच्या जागी गप्प.
मग ते वाकून बोटांनी शोधत बसायचे
तो एक धागा, डोळे मिटून.
मला वाटायचं, झोपले.
गाडीला तशी पत्ती नसते.
एक पिवळा दिवा लागतो, आणि माणूस म्हणतो
घाट चढून बघू.

प्लसकडे गळती नाही. मायनसकडे नऊ व्होल्ट अडलेले.
काळी वायर चिमटीत धरून निघालो
बंपरमागून, हॉर्नखालून, डाव्या चाकाच्या आत,
एका बोल्टापाशी. बोल्ट मोत्यासारखा पांढरा.
कुठं ठोकली होती का?
उसाच्या ट्रॉलीला, डिसेंबरात. पण रंगकाम बघा, एक नंबर!
एक नंबरच. वायरच्या कडीखालीसुद्धा रंग.

आमच्यात मायनसला अर्थ म्हणतात.
राजी हसली, म्हणजे काका, इतके दिवस
हिला अर्थच लागत नव्हता.
मी पॉलिश पेपर दिला तिच्या हातात.
घास. लोखंड दिसेपर्यंत.

पंखा सुरू झाला तसे म्हेत्रे उठून उभे राहिले.
किती?
साडेतीनशे.
एवढंच? जरा खट्टूच झाले,
आजार मोठा हवा होता बहुतेक.
मग डिकीतून जुना पंखा काढला, लातूरला उतरवलेला.
ह्याचं काय करू, मिस्त्री?

त्याला काहीच झालं नव्हतं.
आता तो फळीवर बांधलाय, जुन्या बॅटरीवर चालतो.
राजी त्याच्यासमोर बसून वायरी सोलते,
कपाळावरचे केस उडतात.