दाराजवळची जागा

घणसोली गावठाण, केणींची बिल्डिंग,
तिसरा मजला. दार एकच.
खिडकीला केणींनी जाळी ठोकलीय, चोरांसाठी.
त्या एकाच दाराआड, चपलांशेजारी,
रोज रात्री साडेअकराला
वैजनाथ स्कूटरची बॅटरी टेकवायचा,
अकरा किलोची,
खांद्यावर झोपलेलं पोर उतरवावं तशी.

चार्जरचा लाल दिवा लागला
की आमचा दिवस मिटायचा.
लाल दिवा म्हणजे उद्याच्या ऑर्डरी,
शिवन्याच्या व्हॅनचे पैसे.
सकाळी उठून बघावं तर हिरवा.

मी रबाळ्याला, एमआयडीसीत,
दुरुस्तीला आलेले फोन उघडते.
पहिल्या दिवशी कोष्टीमॅडमनी एक बॅटरी दाखवली,
टम्म, पुरीसारखी.
म्हणाल्या, हिला टोचायचं नाही, दाबायचं नाही,
हिच्यावर चिडायचंसुद्धा नाही.
टोकांना टेप लाव, वाळूच्या डब्यात ठेव, मला हाक मार.
मी हसले.
त्यांनी बाही वर केली.
मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी
दुसऱ्याच कुणाची असावी तशी.

तरी घरचा लाल दिवा मला दिसला नाही.
कामावरची अक्कल
ॲप्रनबरोबर लॉकरमध्येच राहायची.

मार्चमधली गोष्ट.
सोमवारी बॅटरी जिन्यात निसटली, चार पायऱ्या.
कोपरा चेपला. वैजनाथने फुंकर मारून पुसला.
चार्जरही त्याच आठवड्यात गेला,
नाक्यावरून साडेतीनशेचा आणला.
बुधवारी रात्री मला जाग आली
वासाने. गोडसर.
वाटलं, शेजारची हेमलता नेलपॉलिश लावतेय.
रात्री दोनला?

दारापाशी गेले.
लादी कोमट,
आत्ताच कुणी बसून उठल्यासारखी.

ओरडले नाही. बोर्डाचं बटण बंद केलं.
दिवा गेला, वास राहिला.
पोर वैजनाथच्या हातात दिली, म्हटलं, बाहेर.
तो म्हणाला, बॅटरी?
राग नाही आला मला. सात हप्ते बाकी होते.
पण दार अर्धंच उघडलं,
कारण ती मध्ये.
ज्या वाटेने पळायचं
तिथंच रोज रात्री आम्ही तिला बसवत होतो,
पाट मांडून बसवावं तसं.

पोट आत घेऊन, एकेक करून, तिरके निघालो.
नऊ बिऱ्हाडं खाली उतरवली.
केणी लुंगीवरच आले, हातात घमेलं,
वरच्या मजल्याच्या बांधकामाची वाळू.
मी म्हटलं, तुम्ही वर जायचं नाही. फोन करा.
लाल गाडीतल्या माणसांनी ती खाली आणली,
मोकळ्या प्लॉटवर, पाण्याच्या पिंपात सोडली.
उजाडेपर्यंत पिंप गुरगुरत राहिलं,
मंद आचेवरच्या भातासारखं.

काहीच जळलं नाही.
म्हणून लोक माझ्यावर चिडले.
दुसऱ्या मजल्याच्या पाटकरांची पहिली पाळी होती,
म्हणाले, वासावरून एवढं?
उत्तर नव्हतं माझ्याकडे. अजून नाही.

कोष्टीमॅडमना डब्याच्या सुट्टीत सांगितलं.
त्यांनी एवढंच विचारलं,
ठेवली कुठे होती?
मी चपातीचा तुकडा
भाजीत बराच वेळ फिरवत राहिले.

आता केणींनी खाली पत्र्याची शेड केलीय.
वीस रुपये घेतात, स्वतः खुर्ची टाकून बसतात.
कंपनीचाच चार्जर, सगळे जागे असतानाच.
कुणी रात्रभर लावू म्हटलं
तर केणी आगरीत जे बोलतात
ते इथं लिहिता येणार नाही.
वैजनाथची नवी बॅटरी, नवे हप्ते.
जिन्यात कुणी काही आपटलं
की तो जेवता जेवता थांबतो.

दाराजवळची जागा रिकामी आहे.
शिवन्याने तिथं सायकल लावली, मी काढली.
काहीच नको तिथं.

कधी रात्री दोनला उठते,
अनवाणी जाऊन
त्या लादीवर उभी राहते.

गार.

मग पाणी पिते, झोपते.