समई

कुजका वास आला तेव्हा वाटलं,
फळीवरचे सुके बांगडेच असणार.
पण बांगडे तर चवथीआधीच
पिएदादला देऊन टाकले होते.

दिव्याच्या बटणाकडे गेलेला हात
अर्ध्यात थिजला.

देवघरात समई तेवत होती.
जन्मात कधी फुंकरीनं दिवा मालवला नाही,
आज मालवला.
देवा, तू समजून घे.

मग चाचपडत रेग्युलेटर बंद,
खिडक्या, मागचं दार सताड.
अंगणात माडाखाली
अनवाणी उभी राहिले, कितीतरी वेळ.

सकाळी माशेलहून फोंडू आला,
नळीवर साबणाचं पाणी फिरवलं.
एका जागी फेस फुगला,
डोळा उघडावा तसा.
"हे नळयेक कितलीं वर्सां जालीं गो?"

कालिंदीचं लग्न, तिचा मुलगा, त्याची शाळा...
मोजताना
एका हाताची बोटं पुरली नाहीत.