पंप बंद, आठ ते आठ

रात्री आठला मी पंप थांबवते.
नळीतलं बदामी दूध नाकाच्या वळणावर थबकतं
आणि वानेस, तुझा उपास सुरू होतो.

पहिल्या रात्री लुटगार्ड भांडलीच.
"आजाऱ्यासमोरचं ताट ओढता? कसली माणसं तुम्ही!"
तिच्या पिशवीत डबा, राखाडी कोळंबीचं सूप, अजून कोमट,
झाकणाला चिकटलेलं एक मिशाळ डोकं.
मी तो फ्रिजमध्ये ठेवला, नाव घालून, तारीख घालून.

डॉक्टर डेस्मेट तिला म्हणाले,
थोडा वेळ रिकामं ठेवलं तर पेशी म्हणे
आपलीच अडगळ उपसतात, मोडकं ते मोडून खातात.
मग थांबले.
"त्यातलं 'म्हणे' विसरू नका. खात्री नाही अजून."

भुकेला कोंडा, निजेला धोंडा.
तुला नीज तर आम्ही सुईतून दिली.
भूक कुठे ठेवलीस, तुलाच ठाऊक.

दर दोन तासांनी रक्ताचा थेंब. साखर ठीक.
मांडी टेपने मोजली: सोमवारपेक्षा अर्धा सेंटीमीटर कमी.
ओहोटीच्या पाण्यात घोड्यावर बसून
जाळं ओढणाऱ्याची मांडी.

चौथ्या रात्री लुटगार्ड खुर्चीतून बोलली, माझ्याशी नव्हे.
"कोर्नेलला पोटशूळ झाला तेव्हा
ओटच्या बादलीकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.
हा म्हणाला, राहू दे. घोड्याला कळतं.
दोन दिवस तो भिंतीकडे तोंड करून उभा,
आणि हा तिथेच गवतावर झोपलेला."
जरा वेळाने म्हणाली,
"पण बादली तिथेच होती हं.
उचलून नव्हती नेली."

मी वर बघितलं. खुंटीला बाटली टांगलेली,
भरलेली.

नववी पहाट.
झोपेचं औषध उतरवून दोन दिवस झालेले,
खिडकीत समुद्राचं धुकं, पलीकडची वाळू दिसेना.
पांघरुणाखाली काहीतरी गुरगुरलं.
सवयीने मी आधी यंत्रांकडे पाहिलं.
यंत्रं गप्प.
पुन्हा गुरगुरलं, लांबलचक, जरा तक्रारीच्या सुरात,
आणि तुझे ओठ एकदा मिटून उघडले.

तक्त्यात साखरेला रकाना आहे, लघवीला, तापाला.
याला नाही.
समासात लिहिलं: पाच दहा. भूक.

लुटगार्डला उठवलं नाही.
खुर्चीत वाकडी मान करून झोपली होती,
आजच्या डब्याची पिशवी पायाशी,
बंद मनगटाला गुंडाळलेला.